कॅलिबर हाताला विचारून ठरवा

रात्री दहाला औषधांचं दुकान बंद करायचं आणि अंधाऱ्या पार्किंगमधून एकटीनं गाडीपर्यंत जायचं, हे मी वर्षभर केलं. मग एका दुपारी बंदुकांच्या दुकानात गेले. काउंटरमागच्या माणसानं मला काहीच विचारलं नाही. खालच्या कप्प्यातून एक छोटं, चंदेरी, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, बायका हेच घेतात. थर्टी-एट स्पेशल काडतुसाचं, ॲल्युमिनियमचा सांगाडा, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. पर्समध्ये मावत होतं. घेतलं.

पहिल्या पाच गोळ्यांतच अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी सोलली. दहाव्या गोळीनंतर मी ते खाली ठेवलं, ते आठ महिने तिजोरीतच पडून होतं. हत्यार घरात आलं होतं, त्याची जोखीम घरात आली होती, आणि ते चालवायचं कसब तेवढं आलं नव्हतं. नवशिक्यानं कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, चुकीचं निवडलं की नेमकं हेच होतं. तो सराव सोडतो.

मी मूळची कोल्हापूरची. आता ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीमध्ये राहते, फार्मासिस्ट आहे, आणि गेली नऊ वर्षं शनिवारी सकाळी गोळीबाराच्या सरावाच्या एका इनडोअर रेंजवर नवशिक्यांना पिस्तूल शिकवते. शिकणाऱ्यांत निम्म्याच्या वर बायका असतात, त्यांत आपल्याकडच्याही बऱ्याच. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, नाइन घेऊ, थ्री-एटी घेऊ, की फोर्टी-फाइव्ह?" त्याचं उत्तर मी इथं सविस्तर देते.

त्याआधी तुमचा व्हिसा

हे आधी सांगते, कारण इथं चूक झाली तर बाकी सगळं फोल आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंसुद्धा बाळगण्यात मोडतं. ऑफिसातल्या मित्रांबरोबर गंमत म्हणून गेलात, फोटो टाकलात, आणि पुढं ग्रीन कार्डाच्या वेळी तोच फोटो समोर आला, असं कुणाचंही होऊ नये. ज्यांचं ग्रीन कार्ड झालंय किंवा जे नागरिक आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे. बाकीच्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूसासऱ्यांना "चला, दाखवून आणू" म्हणून रेंजवर नेऊ नका, त्याचंही कारण हेच.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाहेर जवळ बाळगता येतं. तरीही मी प्रत्येकीला परवाना काढायलाच लावते. तो दुसऱ्या अनेक राज्यांत चालतो, आणि त्यासाठी कायद्याचा वर्ग आणि पन्नास गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा, आणि अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण. ज्या कॅलिबरनं ही परीक्षा तुम्ही घाम न फुटता देऊ शकत नाही, ते कॅलिबर तुमचं नाही.

न्यू जर्सीच्या मैत्रिणींनो, तुमचा कायदा पूर्ण वेगळा आहे. विकत घ्यायला परवाना, बाहेर बाळगायला परवाना, मॅगझिनमध्ये (पिस्तुलात गोळ्या भरायच्या कप्प्यात) दहाच गोळ्या, आणि हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ आणि शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या, गोळ्या बाहेर बाळगण्यावर बंधनं. कॅलिफोर्नियातही मॅगझिन दहाचंच. मी टेक्सासच्या अनुभवावरून लिहिते आहे. कायदा तुमच्या राज्याचा वाचा.

आकड्यांचा घोळ

कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं गोळीचा व्यास. पॉइंट फोर-फाइव्ह म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, नऊ एमएम म्हणजे नऊ मिलिमीटर. पण नावांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. थर्टी-एट स्पेशलची गोळी प्रत्यक्षात पॉइंट थ्री-फाइव्ह-सेव्हन इंचाची असते. म्हणूनच थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एट स्पेशल चालते. उलटं करायचं नाही. थ्री-एटी आणि नाइन एमएम यांच्या गोळीची जाडी सारखीच, पण एकाची बारूद भरलेली नळकांडी सतरा मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याची एकोणीस. खोक्यावर "नाइन एमएम शॉर्ट" किंवा "कुर्झ" लिहिलेलं असलं तर ते थ्री-एटी आहे. नुसतं "नाइन एमएम" वाचून ते खोकं उचललेली एक विद्यार्थिनी माझ्याकडं आली होती. नळीवर कोरलेलं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी आणि बाटली ताडून बघते, तसंच मी हे ताडून बघते.

भारतात ज्यांच्या घरी परवान्याचं हत्यार आहे त्यांच्या डोक्यात आणखी एक गोंधळ असतो. आपल्याकडं नाइन एमएम, थर्टी-एट, फोर्टी-फाइव्ह हे सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअर आहेत. त्यामुळं घराघरांत दिसतं ते पॉइंट थ्री-टू नाहीतर बारा बोअर. माझ्या माहेरी शेतावर बारा बोअरची बंदूक होती आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, हे मी लहानपणापासून बघितलं. त्यामुळं इथं आलेले काका "थ्री-टू घे, तेच चांगलं" म्हणतात. भारतात ते बरोबर आहे, कारण कायद्यानं दुसरं फारसं ठेवलेलंच नाही. इथं थ्री-टूची पिस्तुलं मोजकी, काडतुसं महाग. काकांचं प्रेम मानावं, सल्ला तिथंच ठेवावा.

मायामीची गोष्ट

"नाइन एमएमनं माणूस थांबत नाही" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. हे कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे काउंटरवर तुमची दिशाभूल होणार नाही.

११ एप्रिल १९८६ ला मायामीजवळ एफबीआयचे एजंट आणि बँका लुटणारे दोन हल्लेखोर यांच्यात चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. सुरुवातीलाच एका हल्लेखोराच्या दंडातून नाइन एमएमची एक गोळी छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडंच थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. चौकशीत बराचसा दोष त्या गोळीवर आला. त्यातून एफबीआयनं गोळ्या तपासायची नवी पद्धत बसवली. शरीराच्या जागी धरलेल्या जेलीच्या ठोकळ्यात गोळी किमान बारा इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर गेली पाहिजे. अठरा इंचांपर्यंत चांगलं. ही पद्धत आजही सगळे मानतात.

मग त्यांनी मोठं काडतूस घेतलं, दहा एमएम. त्याचा धक्का बऱ्याच एजंटांना झेपेना. ताकद कमी करून बघितली, त्यातूनच १९९० मध्ये फोर्टी एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे काडतूस आलं आणि देशभरच्या पोलिसांनी ते उचललं. पुढची वीस-पंचवीस वर्षं गोळ्या बनवणाऱ्यांनी एफबीआयची परीक्षा पास होण्यासाठी गोळीची रचनाच सुधारली. २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागानं मांडलं की नव्या गोळ्यांमुळं नाइन, फोर्टी आणि फोर्टी-फाइव्ह यांच्या परिणामात व्यवहारात फरक उरलेला नाही, आणि बहुतेक माणसं नाइननं जास्त वेगानं, जास्त अचूक मारतात. एफबीआय नाइनवर परत आली.

रोज हेच काम करणाऱ्या, धडधाकट, शिकवलेल्या माणसांनासुद्धा मोठ्या काडतुसानं नेम अवघड केला. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासारखीनं मोठ्या आकड्याच्या मागं का लागावं?

यातून आणखी एक व्यावहारिक गोष्ट निघते. पोलिसांनी टाकलेली वापरलेली फोर्टीची पिस्तुलं दुकानांत स्वस्तात मिळतात आणि नवशिक्याला मोह होतो. फोर्टीचा धक्का फटकारल्यासारखा असतो. शंभर डॉलर वाचवायला ती घेऊ नका.

काडतुसाइतकंच पिस्तुलाचं वजन

दुकानात कुणी सांगत नाही ती गोष्ट ही: तुमच्या हाताला बसणारा धक्का काडतूस आणि पिस्तुलाचं वजन या दोन्हींवर ठरतो. तेच थर्टी-एट स्पेशल काडतूस एक किलोच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून सोडलं तर आजीबाईसुद्धा हसतात. माझ्या सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून सोडलं तर कातडी सोलते. शिवाय त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो. हत्याराच्या वजनाच्या दहापटीपेक्षा जास्त जोर एका बोटानं लावायचा आणि तेवढ्यात नळी हलू द्यायची नाही. हे अनुभवी माणसाचं हत्यार आहे. ते नवशिक्या बाईच्या हातात देणं मला आजही अन्याय वाटतो.

तसंच छोट्या थ्री-एटीचं. रुगर एलसीपीसारखं पिस्तूल पावणेतीनशे ग्रॅमचं, खिशात फोनसारखं बसतं. काडतूस हलकं, म्हणून धक्का हलका असेल असं वाटतं. हलका नसतो. दोन बोटांची पकड, पातळ मूठ, आणि प्रत्येक गोळीला हातात वळवळणारं पिस्तूल. माझ्याकडं आलेल्या बायकांपैकी जितक्या जणींनी पहिलं पिस्तूल बदललं, त्यांतल्या बहुतेकींचं पहिलं पिस्तूल गरजेपेक्षा लहान होतं. मोठं होतं म्हणून बदलणारी क्वचितच.

म्हणून मी मधल्या मापाकडं वळवते. ग्लॉक १९ रिकामं साधारण ६७० ग्रॅम, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन. सिग पी-३६५ पाचशे ग्रॅमच्या आसपास, दहा गोळ्या. पहिलं शिकायला सोपं, दुसरं लपवायला सोपं. दोन्ही नाइन एमएम. सलवार-कमीजखाली किंवा सैल टॉपखाली दुसरं सहज जातं, पहिल्यासाठी चांगला पट्टा आणि चांगलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, लागतं. साडीत कंबरेला बाळगायच्या भानगडीत मी पडत नाही. निऱ्यांच्या ताणाला पट्टा धरत नाही, आणि सैल होल्स्टर म्हणजे अपघाताला आमंत्रण. दिवाळीच्या कार्यक्रमाला माझं पिस्तूल घरी तिजोरीत असतं.

कुठलं कुणाला

नाइन एमएमपासून सुरुवात करा. शंभरातल्या ऐंशी जणींचं उत्तर तिथंच मिळतं, हा माझ्या वर्गापुरता अंदाज. काडतुसं सगळीकडं मिळतात, सरावाची पन्नास गोळ्यांची पेटी माझ्याकडं पंधरा डॉलरच्या आसपास येते, पिस्तुलं हव्या त्या मापात मिळतात, आणि स्वसंरक्षणाच्या चांगल्या गोळ्या एफबीआयच्या परीक्षेत उतरतात.

थ्री-एटी मी दोन प्रकारच्या माणसांना सुचवते: ज्यांच्या हातांत संधिवात आहे, आणि ज्यांना नाइनची स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, खरोखर ओढता येत नाही. तेही खिशातलं चिमुकलं नको. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा. ते मुद्दाम सोप्या स्लाईडचं बनवलंय, आणि नाइनमध्येही मिळतं. थ्री-एटीची उणीव लपवत नाही. आखूड नळीतून सुटलेली हॉलो पॉइंट गोळी अनेकदा फुलते पण बारा इंच जात नाही, किंवा जाते पण फुलत नाही. तरी पाचच्या पाच जागेवर बसणारी थ्री-एटी भिंतीत जाणाऱ्या फोर्टी-फाइव्हपेक्षा कितीतरी बरी. पेटी मात्र नाइनपेक्षा पाच-सात डॉलरनं महाग पडते.

"स्लाईड ओढता येत नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी आठ जणींना खरं तर पद्धत दाखवलेली नसते. चिमटीत धरून स्लाईड मागं ओढू नका. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर लक्ष्याकडंच, बोट चापाबाहेर. डाव्या हाताचा पंजा वरून टाकून स्लाईड मुठीत घट्ट धरा आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढं ढकला. डावा हात मागं, उजवा पुढं, जात्याच्या खुंट्याला जोर लावतो तसा खांद्यातून जोर. बासष्ट वर्षांच्या एका काकूंनी तीन मिनिटांत जमवलं आणि थ्री-एटीचा विचार सोडला.

थर्टी-एट स्पेशल रिव्हॉल्व्हर घ्यायचंच असेल तर पोलादी घ्या. ज्यांना मॅगझिन भरणं, स्लाईड, सेफ्टी यांचा गोंधळ होतो, त्यांच्यासाठी त्यातला साधेपणा मोलाचा आहे. चापाचा जोर मात्र बोटाला झेपला पाहिजे.

फोर्टी-फाइव्हबद्दल थोडक्यात: जुनं, देखणं, १९११ च्या पिस्तुलामुळं दंतकथा झालेलं काडतूस. पंधरा ग्रॅमची जड, संथ गोळी. मोठ्या पिस्तुलात ते सुखद आहे. लपवण्याजोग्या पिस्तुलात गोळ्या कमी बसतात, धक्का वाढतो, पेटी महाग. पहिलं पिस्तूल म्हणून नको.

आणि पॉइंट टू-टू. याच्यावर माझा जीव आहे. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पात आम्ही पोटावर पडून टू-टूच्या रायफलीनं गोळ्या मारल्या, तीच माझी पहिली ओळख. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं मिळवलं, तेही याच टू-टूच्या काडतुसानं. नेम, चाप, श्वास या तीन गोष्टी शिकायला जगात याच्यासारखं दुसरं काडतूस नाही. धक्का जवळजवळ नाही, आणि पन्नास गोळ्या पाच डॉलरच्या आत-बाहेर. पण जीव वाचवायला ते माझी पहिली निवड नव्हे. गोळी अडीच ग्रॅमची, आणि त्याची ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळं न फुटणारी काडतुसं जास्त निघतात. हातात काहीच ताकद नाही, दुसरं काहीच झेपत नाही, अशा माणसासाठी टू-टू स्वीकारते. बाकी सगळ्यांनी शिकायला घ्यावं.

बशीची परीक्षा

आता मुख्य काम. काहीही विकत घेण्याआधी, पिस्तुलं भाड्यानं देणाऱ्या रेंजवर एक सकाळ घालवा. डोळ्यांना चष्मा हवाच. कानांवर इनडोअर रेंजमध्ये दुहेरी संरक्षण, म्हणजे आत फोमचे बोळे आणि वर कान झाकणारे मफ. निम्मं दचकणं आवाजाचं असतं. कान नीट झाकले की धक्कासुद्धा लहान वाटतो. गरोदर असाल तर हे सगळं पुढं ढकला. रेंजच्या हवेत शिसं असतं. इतरांनीही बाहेर आल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

नाश्त्याच्या सहा इंची कागदी बश्या बरोबर न्या. बशी पंधरा फुटांवर लावा.

पहिल्यांदा टू-टूनं वीस गोळ्या. मग नाइनचं मधलं पिस्तूल. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं, मारायचं, पिस्तूल खाली ठेवायचं. मग दोन. मग पाच. नव्या माणसाच्या हातात पहिल्याच वेळी भरलेलं मॅगझिन देणाऱ्या मित्राला नम्रपणे नकार द्या. धक्क्यानं पिस्तूल वर उडतं, घाबरलेलं बोट पुन्हा चाप ओढतं, आणि दुसरी गोळी छतात जाते. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

हात स्थिरावला की खरी परीक्षा: पाच गोळ्या, दहा सेकंद, पाचही बशीत. झाली? मग त्याच पिस्तुलानं आणखी चाळीस गोळ्या मारा आणि हात दमल्यावर तीच परीक्षा पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही पाचही बशीत असतील तर ते काडतूस तुमचं. पहिल्यांदा पाच आणि दुसऱ्यांदा तीन आली, तर आणखी जड पिस्तूल घ्या, नाहीतर एक पायरी खाली या. दोन्ही वेळा सहज जमलं म्हणून एक पायरी वर जायची गरज नाही. उरलेली ताकद वेगासाठी आणि वाईट दिवसासाठी राहू द्या.

गोळ्या सतत खाली-डावीकडं जात असतील तर उजव्या हाताच्या माणसाचं मनगट बहुधा गोळी सुटायच्या आधीच दाबलं जातंय. हे पकडायची युक्ती मला माझ्या प्रशिक्षकानं दाखवली. त्यानं माझ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये खरी आणि बनावट काडतुसं मिसळून भरली आणि चक्र फिरवून बंद केलं. मी चाप ओढला, बनावट काडतूस आलं, काहीच फुटलं नाही, आणि तरी नळी दोन इंच खाली गेली. माझ्या हातानं आठ महिने न वापरूनही ती दहा गोळ्यांची भीती जपून ठेवली होती. रंगीत प्लास्टिकची बनावट काडतुसं दहा-पंधरा डॉलरला मिळतात. पिस्तूल असेल तर मैत्रिणीला मॅगझिन भरायला सांगा, तुम्ही बघू नका. एखाद्या काडतुसाच्या वेळी पाचांपैकी पाच बनावट गोळ्यांवर नळी खाली जाते आणि दुसऱ्याच्या वेळी एकदाही नाही, असं दिसलं की कॅलिबरचा वाद तिथंच मिटतो.

गोळ्या कुठल्या

सरावाला फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूचं आवरण असलेल्या गोळ्या, बाळगायला हॉलो पॉइंट, जिथं कायदा परवानगी देतो तिथं. हॉलो पॉइंट गोळी शरीरात फुलते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते. मागच्या खोलीत मूल झोपलेलं असतं अशा घरांसाठी हे महत्त्वाचं आहे. इथल्या भिंती पातळ प्लास्टरबोर्डच्या; आपल्या विटांच्या घराचा अंदाज इथं लावू नका. नाइनमध्ये १२४ किंवा १४७ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नामांकित गोळ्या घ्या आणि त्यांतल्या किमान पन्नास तुमच्या पिस्तुलातून मारून बघा. वीस गोळ्यांची पेटी पंचवीस डॉलरची असते, जिवावर येतं, तरी मारा. एकही अडकली तर गोळी बदला. हलकं पिस्तूल सैल मनगटानं धरलं तरी स्लाईड पूर्ण मागं जात नाही आणि काडतूस अडकतं. आधी पकड तपासा, मग गोळीला दोष द्या.

महिन्याला शंभर गोळ्या, हा मी घालून दिलेला हिशोब. नाइननं तीस डॉलर, फोर्टी-फाइव्हनं पन्नासच्या वर. ज्या कॅलिबरचा खर्च तुम्ही वर्षभर कुरकुर न करता करू शकता, तेच घ्या.

घरातली जागा

मुलं असलेल्या घरात पिस्तूल कपाटातल्या साड्यांखाली, उशीखाली, पर्समध्ये खुर्चीवर कधीच नको. अंगावर असेल तर होल्स्टरमध्ये, नसेल तर बोटांच्या ठशानं किंवा आकड्यांनी उघडणाऱ्या, भिंतीला बोल्ट मारलेल्या छोट्या तिजोरीत. घरात कुणी नैराश्यातून जात असेल, तर त्या काळात हत्यार घरात ठेवूच नका. फार्मासिस्ट म्हणून मी हे रोजच्या औषधांच्या चिठ्ठ्यांतून बघते, आणि या बाबतीत कुणाची भीड धरत नाही. वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला मी हे विचारते. दोघींना मी "आत्ता नको" असं सांगून परत पाठवलंय.

शेवटी रेंजच्या पिशवीबद्दल. ती वेगळीच ठेवा, भडक रंगाची, आणि तिचा प्रवासाशी काही संबंध येऊ देऊ नका. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७०० च्या वर बंदुका सापडल्या, त्यांतल्या बहुतेक भरलेल्या. भारतात तर बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूससुद्धा विमानतळावर सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. परतीचं तिकीट, आईचं ऑपरेशन, भाचीचं लग्न, सगळं बाजूला राहतं. आमच्या घरी मुंबईला जायच्या आठवडाभर आधी सगळ्या बॅगा उलट्या करून झटकायच्या, प्रत्येक कप्प्यात हात फिरवायचा, अस्तराच्या शिवणीपर्यंत. नाइनचं एक काडतूस तीन सेंटिमीटरच्याही आत असतं, लिपस्टिकच्या झाकणाएवढं.